विलायतेतील विद्यार्थी आणि सोबतीची सहल

(१)

परदेशी शिकावयास गेलेल्या मराठी विद्यार्थ्याचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन टोकांनी सांगितला जातो. एका टोकास बंदरावरील निरोप असतो, दुसऱ्या टोकास पदवी घेऊन परतलेल्या विद्वानाचा सत्कार. मधली वर्षे ग्रंथालयात आणि परीक्षागृहात गेली असे गृहीत धरून चरित्रकार पुढे जातो. त्या वर्षांतील सुट्टीचे दिवस विद्यार्थ्याने कसे घालविले, कोणाच्या सोबतीने कोणते शहर पाहिले, गाडीभाडे कोठून आणले, कोणाच्या पंक्तीस बसून तो जेवला, हे प्रश्न किरकोळ मानले जातात. ते तसे नाहीत, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दोन दिवसांची सहल घडून येण्यास मोकळा वेळ, एकत्र बसण्याउठण्याची मुभा आणि पैसा व परवाना या तीन गोष्टी लागतात. यांपैकी प्रत्येकीला स्वतंत्र इतिहास आहे, आणि मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला त्या तिन्ही एकाच वेळी फार उशिरा आल्या.

या विषयाकडे वळण्याचे कारण स्थानिक आहे. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर भोसरी-चिंचवडच्या शेतजमिनींवर कारखाने उभे राहिले. पुढे १९९० नंतरच्या दशकात मर्सिडीझ-बेंझच्या मोटारी पिंपरीत तयार होऊ लागल्या. २००९ साली ती कंपनी चाकणला गेली आणि त्याच वर्षी फोक्सवागेनचा कारखानाही चाकणला सुरू झाला. ज्या पट्ट्यात जर्मन यंत्रे व जर्मन नावे रोजच्या बोलण्यात आली, तेथील घरांतून मुले-मुली जर्मनीस शिकावयास जाऊ लागली, यात नवल नाही. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४९ हजारांच्या पुढे होती. या विद्यार्थ्यांपैकी कोणी शनिवारी सकाळी चार मित्रांसह कोलोनला किंवा प्रागला जाऊन रविवारी रात्री परततो, तेव्हा आपण एका दीर्घ क्रमाच्या शेवटच्या पायरीवर उभे आहोत याची त्याला कल्पना नसते. ती कल्पना त्याला आणि त्याच्या घरच्यांना यावी, एवढी तरी सोय अभ्यासकांनी करून ठेवली पाहिजे.

(२)

प्रथम शब्दांचा विचार करू. या व्यवहारासाठी मराठीत जे शब्द आहेत त्यांतच त्याचा बराचसा इतिहास साठलेला आहे.

'प्रवास' या संस्कृत शब्दाच्या मुळाशी 'वस्' म्हणजे राहणे हा धातू आहे. घर सोडून दूर राहणे हा त्याचा मूळ अर्थ. पती परगावी राहिला आहे अशा स्त्रीस साहित्यशास्त्रात 'प्रोषितभर्तृका' म्हणतात, ते याच धातूवरून. हिंदीत परदेशी स्थायिक झालेल्यास 'प्रवासी' म्हणतात, तेथे हा जुना अर्थ टिकून आहे. मराठीत मात्र अर्थ राहण्याकडून जाण्याकडे सरकला. गोडसे भटजींनी १८८३ साली लिहिलेल्या आणि १९०७ साली प्रकाशित झालेल्या 'माझा प्रवास' या ग्रंथात दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात. घरापासून दूर काढलेला काळ आणि तुडवलेली वाट, दोन्ही त्या शीर्षकात सामावतात. परदेशी विद्यार्थीही एकाच वेळी या दोन्ही अर्थांनी प्रवासी असतो. जुन्या अर्थाने त्याची सारी वर्षे प्रवासाची. आजच्या अर्थाने केवळ सुट्टीचे दिवस.

'सहल' हा शब्द अरबी-फारसीतून आलेल्या 'सैर' या शब्दाशी जोडला जातो. मोकळ्या हवेत फिरणे हा त्याचा आशय. लक्षात घेण्याजोगी गोष्ट त्याच्या क्रियापदात आहे. प्रवास आपण 'करतो', यात्रेस 'जातो', पण सहल 'काढतो'. वर्गणी जशी काढतात, मिरवणूक जशी काढतात, तशी सहलही काढतात. म्हणजे या शब्दप्रयोगात मंडळी गृहीत आहे. 'सोबत' हा शब्दही अरबी 'सुहबत' म्हणजे सहवास यावरून आला आहे. 'सुट्टी' मात्र घरची आहे; ती 'सुटणे' या क्रियापदाची लेक. ती आधीचे बंधन सुचविते. ज्याला कामाचे बंधन ठराविक वेळेपुरते नव्हते, त्याला सुट्टीही ठराविक नव्हती.

'वीकएंड' या इंग्रजी शब्दाला मराठीत प्रतिशब्द रुळला नाही. 'आठवडाअखेर' हा वर्तमानपत्री शब्द बोलण्यात उतरला नाही. कारण भाषेच्या दारिद्र्यात नसून व्यवहारात आहे: ज्या समाजात आठवड्याला शेपूट नव्हते, त्याने शेपटासाठी शब्द घडविला नाही. खुद्द इंग्लंडातही हा शब्द १८७९ सालापर्यंत सर्वपरिचित नव्हता. त्या वर्षी 'नोट्स अँड क्वेरीज' या नियतकालिकात त्याची नोंद स्टॅफर्डशायरमधील बोलीचा विशेष म्हणून झाली. शनिवारी दुपारी काम संपवून दूरच्या स्नेह्यांकडे जावे आणि रविवार तेथे घालवावा, याला तिकडे हा शब्द वापरतात, असा त्या नोंदीचा आशय आहे. म्हणजे त्या टिपणातील अर्थात स्नेही मंडळी आधीपासूनच आहेत. आपल्याकडे हा शब्द आज आला आहे तो 'वीकएंडला' अशा विभक्तिप्रत्ययासह, म्हणजे मराठीचा पोशाख करून. परकीय संस्था आत्मसात झाली की तिचे नाव प्रत्यय घेऊ लागते, याचे हे साधे उदाहरण होय.

(३)

आता वेळेचा प्रश्न. ठराविक मोकळा दिवस ही कारखान्याच्या युगाची निर्मिती आहे. ब्रिटनमधील १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व तरुण कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबविले. त्यापूर्वीच, ५ जुलै १८४१ रोजी, टॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे मंडळींची आगगाडीची सहल माणशी एक शिलिंग दराने नेली होती. त्याच वर्षी लंडन-ब्रायटन लोहमार्ग पुरा झाला आणि समुद्रकाठची हवा लंडनच्या सामान्य माणसाच्या एका दिवसाच्या आवाक्यात आली. मोकळा दिवस, स्वस्त गाडी आणि मंडळीचे एकत्र तिकीट हे त्रिकूट असे जुळले. आपले विद्यार्थी विलायतेस पोहोचले तेव्हा ही घडी बसलेली होती. ती त्यांना आयती मिळाली.

मायदेशी काय स्थिती होती? आनंदीबाई जोशी यांनी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी घेतली. त्या दिवशी मुंबईच्या गिरणी कामगारास आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला. रविवार हा ख्रिस्ती वार म्हणून नव्हे, तर खंडोबाचा वार म्हणून कामगारांना जवळचा वाटावा, अशी मांडणी या चळवळीच्या संदर्भात सांगितली जाते. सुट्टीच्या वारालाही अशी देशी मुळे शोधावी लागली.

पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात तर ही गोष्ट आणखी वेगळी आहे. वीजपुरवठ्याच्या सोयीने येथील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. येथील कामगाराच्या घरी आठवड्याचा शेवट बुधवारी रात्री होतो. उलट जर्मनीत रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून घटनेनेच संरक्षिला आहे. १९१९ च्या वायमार घटनेतील ते कलम आजच्या मूलभूत कायद्यात जसेच्या तसे उचललेले आहे. दुकाने त्या दिवशी बंद असतात. वसतिगृहात राहणाऱ्या परक्या विद्यार्थ्याला हा रविवार फार मोठा वाटतो. दुकान नाही, वर्ग नाही, नातलग नाही. शहर सोडून दुसरे शहर पाहावयास जाण्याची प्रेरणा पुष्कळदा या रिकाम्या रविवारातून येते. पित्याचा गुरुवार आणि मुलाचा रविवार यांमधील अंतर हा केवळ वेळापत्रकाचा भेद नव्हे; दोन औद्योगिक इतिहासांचे ते अंतर आहे.

(४)

वेळेपेक्षा सोबतीचा प्रश्न अधिक बिकट होता. जुन्या सुभाषितांत देशाटन आणि विद्वानांची मैत्री ही चातुर्याची साधने म्हणून एका ओळीने सांगितली आहेत. व्यवहारात मात्र देशाटन यात्रेच्या रूपाने होई आणि यात्रेची सोबत जातीची, भावकीची, फार तर गावाची असे. सोबतीची मर्यादा पाण्याने आणि अन्नाने आखली जाई. समुद्रगमन कलिवर्ज्यांत गणले गेले, त्यामागे खाऱ्या पाण्यापेक्षा बोटीवरच्या अन्नाचे भय अधिक होते, असे म्हणण्यास जागा आहे. पुण्यास १८९० साली पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाचा वाद प्रसिद्ध आहे. शहरातल्या शहरात, ओळखीच्या मंडळींनी, मिशनऱ्यांच्या घरी चहा घेतला म्हणून टिळक-रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचे प्रकरण शेकले. हा काळ ध्यानात ठेवला म्हणजे परदेशातील एकत्र जेवणाचे मोल कळते.

आनंदीबाई १८८३ साली कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबाने त्यांना आश्रय दिला. श्रीमती कार्पेंटर यांना त्या मावशी मानीत. भाषाभ्यासकाला हे संबोधन महत्त्वाचे वाटते. वयाने मोठी, परजातीची, परधर्माची, तरीही जिव्हाळ्याची अशा स्त्रीसाठी मराठी समाजात मैत्रीचे पद उपलब्ध नव्हते. म्हणून नात्याचे पद पुढे करावे लागले. आईची बहीण हे स्थान देताच आश्रय, जेवण आणि अधिकार यांचा उलगडा झाला. १० ऑक्टोबर १८८५ या तारखेचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली या तीन सहाध्यायिनी आपापल्या देशीच्या पोशाखात दिसतात. तिघीही स्वदेशाहून पाश्चात्त्य वैद्यक शिकावयास आलेल्या. मराठी स्त्रीच्या मित्रपरिवारात जपानी आणि सिरियन मैत्रिणी असल्याचा एवढा जुना चित्रपुरावा विरळा.

विसाव्या शतकाच्या आरंभी विठ्ठल रामजी शिंदे यांचे उदाहरण येते. जमखंडीसारख्या कानडी-मराठी मुलखात १८७३ साली जन्मलेले शिंदे १९०१ साली युनिटेरियन मंडळींच्या साहाय्याने ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले आणि १९०३ पर्यंत तेथे तौलनिक धर्माचा अभ्यास केला. त्याच वर्षी आम्स्टरडॅम येथे उदारधर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीस ते हजर राहिले, आणि त्यानंतर मायदेशी परतले. दोन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या माणसाला परभाषेतील शहर वाचण्याची सवय लवकर लागते. शिंद्यांनी पुढे कानडी आणि मराठी यांच्या संबंधावर लिहिले, ते याच घडणीचे फळ होय. धर्ममंडळींची गरीब वस्त्यांतील लोकसेवा त्यांनी इंग्लंडात जवळून पाहिली, आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. ऑक्सफर्डच्या वर्गात शिकलेले तत्त्व आणि वर्गाबाहेर पाहिलेली वस्ती यांपैकी कोणाचा वाटा किती, हे वेगळे करून सांगता येणार नाही. पण दुसरा वाटा वगळून केलेला हिशेब अपुरा राहील, हे निश्चित.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या बाबतीत सोबतीचा अर्थ आणखी गहिरा होतो. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री झाली आणि ती जन्मभर टिकली. मायदेशी ज्याला शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले होते, त्याने येथे एका छपराखाली मित्रासह राहावे, एका टेबलाशी जेवावे, ही शिक्षणाचीच एक शाखा होती. तिची परीक्षा विद्यापीठ घेत नव्हते एवढेच.

(५)

वेळ आणि सोबत असली तरी पैसा आणि परवाना हवा. आंबेडकरांना बडोदे संस्थानाकडून दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती आणि तीतून घरीही पैसे पाठवावे लागत. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम घेतले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि भथेना यांनी दिलेले कर्ज घेऊन. लंडनचे त्यांचे दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात गेले. सहलीचे वर्णन त्यांच्या विद्यार्थिदशेत जवळजवळ आढळत नाही, याचे कारण वृत्तीत शोधण्यापेक्षा हिशेबाच्या वहीत शोधणे अधिक योग्य. मुदतीची शिष्यवृत्ती असलेल्याला रविवारही परवडत नाही. दापोलीजवळच्या मुर्डीचे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना सरकारी शिष्यवृत्ती होती. केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर झाल्यावर ते पॅरिस आणि ग्योटिंगेन येथेही राहून अभ्यास करू शकले. दोन्ही विद्यार्थ्यांच्या बुद्धीविषयी शंका नाही. फरक वेळेच्या आणि पैशाच्या मोकळिकीचा आहे.

परवान्याच्या बाबतीत इतिहासाचा क्रम सरळ नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धापूर्वी पश्चिम युरोपातील बहुतेक देशांत प्रवेशासाठी पासपोर्ट लागत नसे. शिंदे आम्स्टरडॅमला गेले किंवा परांजपे ग्योटिंगेनला गेले तेव्हा सीमा ओलांडणे हा मुख्यतः तिकिटाचा प्रश्न होता. महायुद्धाने ही मोकळीक संपविली. भारतात १९२० साली पासपोर्टाचा कायदा झाला. स्वातंत्र्योत्तर काळात परकीय चलनाची टंचाई आली. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात व सत्तरीत खिशात अवघे आठ डॉलर घेऊन विमानात बसलेल्यांची पिढी आजही आपल्यात आहे. पासपोर्ट मिळणे ही सरकारची मर्जी नव्हे, परदेशगमनाचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सतवंतसिंग सोहनी खटल्यात ठरविले आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. १ जून २००० पासून परकीय चलनाचा नवा, सैल कायदा लागू झाला. युरोपच्या बाजूने १९८५ साली शेंगेन येथे करार झाला आणि २६ मार्च १९९५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. जर्मनीचा निवास परवाना असलेला विद्यार्थी आज शेजारच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत व्हिसाविना फिरू शकतो. म्हणजे शिंद्यांना जी मोकळीक सहज लाभली ती मराठी विद्यार्थ्याला सुमारे ऐंशी वर्षांच्या खंडानंतर पुन्हा मिळाली.

तिकिटाचाही सोबतीशी संबंध आहे. १९९५ साली जर्मन रेल्वेने शनिवार-रविवारसाठी एक तिकीट काढले. १५ मार्कांत पाच माणसे प्रादेशिक गाड्यांनी देशभर हिंडू शकत. हे तिकीट २०१९ पर्यंत चालू होते, आणि राज्याराज्यांची तशीच मंडळी-तिकिटे पुढेही राहिली. पाच जणांचे भाडे एकदाच भरावयाचे म्हटले की पाचवा माणूस शोधणे आले. तो मराठी असेल, तमिळ असेल, तुर्की असेल. मैत्रीच्या इतिहासात भाड्याच्या दराला स्थान द्यावे लागते ते असे. १ मे २०२३ पासून महिना ४९ युरोंत सर्व स्थानिक व प्रादेशिक गाड्यांना चालणारे तिकीट निघाले. त्याचा दर पुढे वाढला. हे तिकीट एकेकट्याचे आहे. त्याने प्रवास सुलभ केला, पण मंडळी जमविण्याची सक्ती काढून घेतली. सोबतीवर याचा काय परिणाम झाला, हा अभ्यासाचा विषय होऊ शकेल.

(६)

आतापर्यंतच्या विवेचनावर एक आक्षेप येईल. परदेशी चार मित्रांनी मिळून शहर पाहिले, तर त्यात त्या विद्यार्थ्याच्या करमणुकीपलीकडे समाजाचा काय लाभ? या आक्षेपाचे उत्तर परदेशात नाही, परतीनंतरच्या अनुभवात आहे.

आंबेडकर १९१७ साली परतले आणि बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास गेले. त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. आपल्या आठवणींच्या इंग्रजी टिपणांत त्यांनी लिहिले आहे ते असे, की युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. म्हणजे परदेशाने त्यांना जे शिकविले त्याचा एक भाग विसरण्याचा होता, आणि ते विसरणे मायदेशी महाग पडले.

त्याच टिपणांत १९३४ सालची एक सहल आहे. चळवळीतील सहकाऱ्यांनी सहलीची इच्छा दर्शविली, आपण बरोबर याल तर जाऊ असा आग्रह धरला, आणि सुमारे तीस मंडळी मोटारीने औरंगाबादकडे वेरूळ पाहावयास निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून उतरली. वेशीजवळच्या टाक्यात धुळीने माखलेले हातपाय धुतले. एवढ्यावरून पाणी बाटविल्याचा ओरडा झाला, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर येण्याची वेळ आली. ओरडणारे मुसलमान होते, ही गोष्टही त्यांनी मुद्दाम नोंदविली आहे; अस्पृश्यता एका धर्माच्या चौकटीत मावत नाही हे त्यांना दाखवावयाचे होते. शेवटी किल्ल्यात कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सशस्त्र शिपाई बरोबर देऊन, मंडळीला आत सोडण्यात आले.

हे दोन पुरावे शेजारी ठेवून पाहावेत. न्यूयॉर्क आणि लंडन या परक्या शहरांत जो विद्यार्थी कोणत्याही रस्त्याने जाऊ शकत होता, कोणत्याही नळाचे पाणी पिऊ शकत होता, तो दोन डॉक्टरेट पदव्या आणि बॅरिस्टरी घेऊन, मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात व गोलमेज परिषदेत बसून आल्यावर, आपल्याच देशातील किल्ला मित्रांसह पाहू शकत नव्हता. मित्रांबरोबर स्थळ पाहणे ही क्षुल्लक हौस आहे असे ज्याला कधीच अडविले गेले नाही तोच म्हणू शकतो. सहलीचा हक्क हा नागरिकत्वाचा एक कस आहे. तो कायद्याच्या ग्रंथात शोधण्यापेक्षा पाण्याच्या टाक्यापाशी लवकर कळतो. आणि परदेशी घेतलेल्या मोकळिकीचा समाजाला लाभ कोणता, तर मायदेशातील अडवणूक ही निसर्गाची व्यवस्था नसून माणसांनी केलेली आहे, याचा अनुभवसिद्ध पुरावा त्या मोकळिकीने पुरविला.

(७)

आता साधनांविषयी थोडे. या विषयाचा इतिहास लिहिण्यास आपल्यापाशी काय आहे? आनंदीबाईंची पत्रे आहेत. त्यांच्या आधारे कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ साली इंग्रजीत आणि काशीबाई कानिटकर यांनी १९१२ साली मराठीत चरित्र लिहिले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली पत्ररूपाने लिहिलेला 'इंग्लंडचा प्रवास' आहे, आणि १८८९ सालचे अमेरिकेचे प्रवासवृत्त आहे. शिंद्यांची रोजनिशी आहे, आठवणी आहेत. यांतील बहुतेक लेखन मुळात कोणा एका व्यक्तीस वा निकटच्या मंडळींस उद्देशून झाले. ते टिकले कारण कागद टिकला आणि कोणी तरी तो जपला.

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर निरंजन पाल या मित्राच्या सोबतीत असताना लंडनच्या मराठी विद्यार्थ्याला, विनायक दामोदर सावरकर यांना, समुद्राला उद्देशून कविता सुचली. ती महाराष्ट्रभर गाइली जाते. पण ब्रायटन हे लंडनकरांच्या एका दिवसाच्या सहलीचे गाव. तेथील गर्दी, धक्के, खानावळी यांचा त्या कवितेत मागमूस नाही. कवीला मायभूमी दिसत होती, समोरचे गाव नव्हे. काव्याच्या दृष्टीने ते योग्यच; पण इतिहासकाराला कवितेवरून सहल उभी करता येत नाही. त्यासाठी पत्र लागते, खर्चाची वही लागते, बरोबरच्याची साक्ष लागते.

आजच्या विद्यार्थ्याचे पत्र हातातल्या फोनमध्ये असते. तो कोलोनच्या चर्चसमोरून आईला चित्र पाठवितो, खाली दोन ओळी लिहितो, आवाजाचा निरोप धाडतो. फोन बदलला की हे सारे बहुधा नाहीसे होते. आनंदीबाईंचा मजकूर सव्वाशेहून अधिक वर्षांनी वाचता येतो आणि गेल्या दहा वर्षांतील पिंपरीच्या मुलामुलींचा येत नाही, ही स्थिती पुढील अभ्यासकाला चमत्कारिक वाटेल. शिवाय या निरोपांत भाषेचा मोठा ऐवज आहे. जुन्या लेखनात 'लंडनात', 'पॅरिसात' अशी रूपे आढळतात. आज 'लंडनमध्ये', 'पॅरिसमध्ये' रूढ आहे, पण 'जर्मनीत' मात्र टिकून आहे. कोणते परदेशी गावनाव मराठी विभक्ती अंगी लावून घेते आणि कोणते शब्दयोगी अव्ययाने हात राखून वागते, याचा शोध अशा साहित्यावाचून घेता येणार नाही. सहलीतील मित्र अमराठी असतील तर घरच्यांशी बोलताना त्यांचा उल्लेख कसा होतो, नात्याची पदे कोठे येतात आणि कोठे थांबतात, हाही प्रश्न आनंदीबाईंच्या मावशीपासून थेट आजपर्यंत आणता येईल.

या दृष्टीने तीन कामे तातडीने करण्याजोगी आहेत. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी आणि चाकण येथील इच्छुक कुटुंबांकडून परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या पत्रांच्या व निरोपांच्या प्रती त्यांच्या लेखी संमतीने, नावे वगळून जमा कराव्यात. आठ डॉलर घेऊन गेलेल्या पिढीच्या मुलाखती त्यांच्या हयातीत घ्याव्यात, आणि त्यांत सुट्टी, सोबत आणि खर्च यांविषयी स्वतंत्र प्रश्न विचारावेत. तिसरे, शिष्यवृत्तीवर गेलेल्या दलित, भटक्या व आदिवासी विद्यार्थ्यांच्या आठवणींना या संग्रहात अग्रक्रम द्यावा. कारण मोकळिकीचे मोल त्यांनी सर्वांत नेमके मोजलेले असते आणि त्यांची कागदपत्रे जपणारे हात आजवर सर्वांत थोडे राहिले आहेत. पहिल्या कामास विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांची मदत घेता येईल. त्यांच्यापैकी अनेकांची भावंडे आज परदेशी शिकत आहेत. जमवाजमवीचा आरंभ त्यांनी आपल्याच घरापासून करावा.